निजून म्हटलेला हाव

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यानं कळविण्यात येते की, आमचे बाबा निजून 'हाव' म्हणाले आणि माझं लग्न मोडता मोडता वाचलं.

आमच्या सौंसरला 'हो'ला 'हाव' म्हणतात, पण प्रत्येक हाव म्हणजे होकार नव्हे. दारी आलेल्याला तोंडावर नाही म्हणायचं नाही, ही आमच्याकडची रीत. म्हणून हाव पारखून घ्यावा लागे. नुसता एक हाव म्हणजे ऐकलं. 'हाव ना जी' म्हणजे बघू. आणि माणूस उठून, टोपी घालून 'हाव हाव, आलोच समजा!' म्हणाला, तरच समोरच्यानं चूल पेटवायची.

साल ब्याऐंशी-त्र्याऐंशी असेल. बोरगावच्या एका लग्नात, पंगतीत, पांढुर्ण्याची निर्मला भात वाढत होती.

"वाढू?"

"हाव."

ती परत यावी म्हणून मी पाच वेळा हाव म्हणालो. (वरण केव्हाच संपलं होतं. मी कोरडा भात गिळत होतो!)

"पोट हाय का पोतं?" ती पुटपुटली. मी त्यालाही हाव म्हणालो!

निर्मला गेली त्याला चार वर्षं झाली. अजूनही जेवताना पानावर आडवा हात धरणं मला जमत नाही.

तर, त्या लग्नानंतर महिनाभर मी पांढुर्ण्याहून येणारी प्रत्येक बस पाहिली. उगाच! शेवटी एका बसमधून चक्क तिचे वडील उतरले आणि आमच्या घरी आले. बाबा खाटेवर आडवे होते.

"आयतवारी पोरीले पाहाले या जी."

"हाव," बाबा म्हणाले. एकच! तोही कुशीवर! पाहुणे चहा न घेताच उठले. आणि दुर्दैव असं की, बाबांना आयुष्यात पहिल्यांदाच खरोखर जायचं होतं!

रविवारी आम्ही नवे कपडे घालून पांढुर्ण्याला पोचलो. दाराला कुलूप! शेजारीण म्हणाली, "ते त बगीच्यात संत्रे तोडून राहिले. तुमच्याकडून एकच हाव आला म्हने!"

आम्ही बगीच्यात गेलो. निर्मला भावाचा सदरा घालून शिडीवर. केसांत पानं, कमरेला झोळी. खाली दोन बापांची जुंपली.

"म्या हाव म्हनलं होतं ना!"

"निजून म्हनलं! बसून तरी म्हनाचं!"

"माह्या पाठीत चमक भरली होती!"

"मंग 'आलोच समजा' म्हनाले पाठ लागते काय?"

बाबांनी टोपी झटकली. "चाल बे, जाऊ आपन. अशा घरी सोयरिक नाही करत मी!"

मुलानं तोंड उघडायचं नाही, हीसुद्धा रीतच. पण बाबा खरंच वळले, तशी महिनाभर कोंडलेली वाफ सुटली. "हाव!" मी ओरडलो. "हाव, हाव, हाव, हाव!"

कोणी मला काही विचारलंच नव्हतं! तोडणाऱ्या बाया थांबल्या. दोन्ही बाप माझ्याकडे बघत राहिले. मला झाडामागे लपावंसं वाटलं. तेवढ्यात शिडीवरून आवाज आला,

"पाच झाले! बाबा, तुम्ही बी म्हना हाव, नाही त हा मानूस आता भात मागन!"