घरात कोण खोकतं?

सुझॅन आली तेव्हा इस्रायलमधल्या नेतिवोत गावच्या त्या लहानशा घरात येमिमाला आणखी काही नको होतं. किती वर्षांनी सख्खी बहीण ठाण्याहून आली होती! निमित्त इदोचं, येमिमाच्या धाकट्या मुलाचं लग्न. पण ती दोन महिने आधीच आली. दोघी एकाच पलंगावर झोपायच्या, मध्ये चार वर्षांची नात सिवान. सिवानची आई ऐनात, येमिमाची लेक, दूर एलात शहरात हॉटेलात कामाला. पोर आजीपाशीच वाढलेली. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिब्रूत.

सुझॅन खोकायची. "तुझ्या ह्या वाळवंटात माणूस खोकेल नाहीतर गाईल, ताई?" म्हणून हसायची आणि हसता हसता पुन्हा खोकायची. येमिमा पाठीवरून हात फिरवायची. ती पाठ हाताला लागते आहे, एवढ्यानंच तिचा जीव निवायचा.

मग सिवानला संध्याकाळची कणकण येऊ लागली. मानेत गाठी आल्या, घास तोंडातच फिरायला लागला. औषधांचा गुण येईना. दवाखान्यातल्या डॉक्टर झेएवनी छातीचा फोटो काढवला. नर्स पाझितनं पोरीच्या हाताला, कोपराच्या खाली, बारीकशी सुई टोचली आणि दोन दिवसांनी हात दाखवायला बोलावलं.

मधल्या संध्याकाळी इदोची मेंदी होती. सिवान हट्टाला पेटली. सुझॅननं तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत वेल काढली, वेलीवर मोर बसवला. येमिमा कौतुकानं बघत बसली. टोचलेली जागा कुणाच्या ध्यानातच आली नाही.

दुसऱ्या दिवशी तो लालभडक हात बघून पाझितनं कपाळाला हात लावला. "आजी, हे काय करून आणलंत?"

"मेंदी. आमच्यात लग्नाला लावतात."

"ह्यात लाली कुठली नि मोर कुठला?" पाझितनं डोळे मिटून बोट फिरवलं. मोराच्या पोटाखाली टणक फुगवटा लागला. तिनं पेनानं त्याच्या कडा आखल्या, मोजपट्टी लावली. "नशीब, मोजायचा तो फुगवटाच असतो."

झेएवनी मोजपट्टीवरचा आकडा पाहिला. "क्षय दिसतो. पण लहान मुलांत पुरावा मिळणं कठीण. मोठ्यांसारखं खाकरून थुंकता येत नाही त्यांना, सगळं गिळून टाकतात. सकाळी उपाशीपोटी नळीनं पोटातला नमुना घेऊ, पण त्यातही जंतू सापडतीलच असं नाही. म्हणून आम्ही मोठं माणूस शोधतो. घरात कोण खोकतं?"

"कुणी नाही," येमिमा म्हणून गेली.

लग्न उद्यावर आलं होतं. सुझॅननं साडी इस्त्री करून पलंगावर पसरून ठेवली होती. माहेरचं म्हणून मांडवात दुसरं होतं कोण? आणि आता नाव घेतलं तर तिला कुठे नेतील, पुन्हा एका पलंगावर निजणं होईल का...

"आठवा जरा," झेएव म्हणाले. "त्या माणसाच्या थुंकीवरून कळेल कुठलं औषध लागू पडेल. नाहीतर मी अंधारात तीर मारणार. आणि ते माणूस रात्री हिच्याच शेजारी झोपत असेल तर?"

सिवान तिच्या मांडीवर पेंगली होती. वजन असं लागतच नव्हतं.

"माझी बहीण," येमिमा म्हणाली.

सुझॅनच्या थुंकीत जंतू सापडले. सिवानची औषधं ठरली, आणि काही आठवड्यांत पोर भाकरी मागून खाऊ लागली. इदोचं लग्न मात्र ठरल्या दिवशी मावशीविनाच लागलं होतं.

सुझॅनला इस्पितळात ठेवलं होतं. येमिमा भेटायला गेली तेव्हा तिच्या तोंडावर जाड मास्क बांधून तिला उघड्या खिडकीशी बसवलं. सुझॅनचा पलंग पार पलीकडच्या भिंतीला.

"लग्नाचं बोलावणंही तूच केलंस आणि मांडवातून उठवलंसही तूच," सुझॅन म्हणाली. मग तिनंच विचारलं, "नवरी कशी दिसत होती?"

येमिमानं सगळं सांगितलं. साडी, हार, कोण नाचलं, कोण रुसलं. सुझॅन हसली, खोकली. इथून सुटली की ती ठाण्यालाच परतणार होती. तिकीट काढून झालं होतं.

"ताई, ते फडकं काढ की जरा. तोंड तरी बघू दे तुझं."

येमिमाचा हात कानामागच्या दोरीपर्यंत गेला. घरी सिवान तिचीच वाट बघत होती. दोरी नुसती चाचपून हात खाली आला.

"नको गं," ती म्हणाली, आणि खुर्ची होती तिथूनच बहिणीकडे बघत राहिली.