काळा न केलेला पडदा

सुनेची चेष्टा मी तिच्या समोर बसून लिहीत होते, आणि तिला ती दिसत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. हसा खुशाल. जन्मापासून आंधळ्या असलेल्या बाईच्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागतो.

गोष्ट तीन-चार वर्षांपूर्वीची. तेव्हाही मी आजीच होते, पण अक्कल आजीची नव्हती. मुलानं ब्रेल नोटटेकर आणून दिला होता. मांडीवर मावेल एवढी पेटी, वर टाइप करायच्या कळा, खाली बोटांना लागणारी टिपक्यांची ओळ. ती फोनला जोडायला सुनेनं शिकवलं. फोनवर आलेला मेसेज टिपक्यांत वाचायचा, पेटीवर लिहिलेला फोनवरून जायचा. पेटी माझ्या मांडीवर, फोन टीपॉयवर.

"आई, फोनचा पडदा काळा करायची बी सोय हाय," ती म्हणाली.

"मला काय करायचाय पडदा?"

फोनचा आवाज मात्र मी आठवणीनं बंद केला. बोलक्या फोनजवळ गुपित राहत नाही, एवढी हुशार मी होतेच!

सून गंगापूरकडची. रोज सकाळी चहा झाला की ती मला पेपर वाचून दाखवायची. अडखळत, जोडाक्षरापाशी दम खात. आणि मी? सगळी नोकरी टेलिफोन ऑपरेटर म्हणून काढलेली. आवाज ऐकून मोठे साहेब माझं नाव विचारायचे, असं मीच सगळ्यांना सांगत फिरायची. तर ती वाचत असताना मी पैठणच्या धाकट्या बहिणीला लिहायची, "बैलगाडी निघाली." मग, "चढ आला, सगळे खाली उतरा." बहिणीचं उत्तर यायचं, "बैलांना पाणी दाखव." बोटांनी ते वाचून मी गालातल्या गालात हसायची. कुणाला कळणार होतं!

एका सकाळी ती वाक्याच्या मधेच थांबली.

"काय गं?"

"काय नाय, आई."

पान तिनं शेवटपर्यंत वाचलं. दुसऱ्या दिवसापासून मात्र पेपर टीपॉयवर नुसता पडून राहू लागला. आज डबा करायचाय, उद्या पाहुणे यायचेत. शेवटी म्हणाली, "फोन वाचतोच की आता बातम्या." फोन वाचायचा खरं, अडखळायचा नाही, पण बातमी ऐकून "अगं बाई!" असंही कधी म्हणायचा नाही. ती म्हणायची. ते गेल्यावर कळलं, मी बातम्यांसाठी थोडीच बसायची.

पुढं बहीण राहायला आली. ती स्वयंपाकघरात चहा करत होती, म्हणून मी बाहेरून तिला लिहिलं, "साखर कमी टाक." चहा घेऊन आली आणि टीपॉयपाशी थबकली.

"ताई! अगं, तू लिहिलेलं सगळं इथं दिसतंय!"

"कुठं?"

"फोनवर! ढळढळीत! मी तुला काय लिहिलं, तेसुद्धा!"

"कुणाला दिसतंय?"

"डोळे असलेल्या सगळ्यांना, बाई!"

मी पेटी मांडीवरून उतरवली. टीपॉयच्या पलीकडची खुर्ची सुनेची. बहिणीला तेवढ्यात पैठणची कामं आठवली आणि ती दुपारच्या एसटीनं निघून गेली. चेष्टा दोघींनी केली, माफी मागायला मी एकटी.

संध्याकाळी भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात गेले. ती भाकरी थापत होती. वाक्यं मी पाठ केली होती, चांगली ठसठशीत, ऑपरेटरच्या आवाजातली. पण तोंड उघडलं आणि पहिल्याच शब्दाला अडखळले.

"चुकलं गं माझं. तुझ्या वाचण्यावर मी... ते बैलगाडीचं..."

थापण्याचा आवाज थांबला. भाकरी तव्यावर पडली, पाणी चरचरलं. मग ती म्हणाली,

"आई, मी अडखळते ते मला ठाव हाय. पण तुमची बोटं चालायची ना, मला वाटायचं, मी वाचते ते तुम्ही टिपून घेता. गंगापूरला मायला फोन करून सांगितलं व्हतं मी."