अर्धा गुण

माणसांना आकड्यांत बसवणारे लोक मी आयुष्यभर पाहत आलोय, त्यांच्यातलाच मीही एक. पण आकड्यांत न बसणाऱ्या माणसाची बाजू घेऊन आकड्यांशी हातघाईवर येणारा इसम मी एकच पाहिला, आणि तो इथे अमेरिकेत, बॉथेलमध्ये, आमच्या कोपऱ्यावरच्या घरात राहायचा. मूळचा नागपूरचा. मध्ये काही वर्षं नोकरीपायी मेलबर्नला काढलेली. लोक तिथून लोकरीचे कोट आणतात. यानं तिथला फुटबॉल आणला. लंबगोल चेंडू, तसंच लंबगोल मैदान, एकेका बाजूला अठरा माणसं, चेंडू पायानं मारा नाहीतर मुठीनं ठोसा, पंच शिट्टी कशासाठी वाजवतो ते मला अजून कळलेलं नाही. आमच्या भागात हा खेळ बघणारा तो एकटाच होता. मला शेजारी बसवून त्यानं ती संख्या दुप्पट केली.

तिथल्या शनिवार दुपारची मॅच म्हणजे आमची शुक्रवार संध्याकाळ. जेवणं आटोपली की तो चिवड्याचा डबा घेऊन हजर. खेळ त्याला दुय्यम होता; मुख्य गोष्ट रेटिंग. तिकडे प्रत्येक मॅचनंतर प्रत्येक खेळाडूला रेटिंग देतात. चेंडू किती वेळा घेतला, किती वेळा झेलला, किती लांब मारला, सगळ्याची गोळाबेरीज. ती ऐकली की याच्या कपाळाची शीर उठायची. कारण याचा जीव जडला होता एका फुल-बॅकवर, म्हणजे अगदी शेवटी, आपल्या गोलपाशी उभा राहणाऱ्या गड्यावर. हा गडी इतका चिवट, की त्याच्या बाजूला चेंडू मारायला कोणी धजायचंच नाही. चेंडू तिकडे जात नाही, म्हणून गड्याच्या नावावर काही लागत नाही, म्हणून रेटिंगमध्ये गडी कायम तळाला. "अबे, चोर आला नाही म्हणून वॉचमनचा पगार कापता का?" असं तो माझ्या टीव्हीला विचारायचा. शेवटी त्यानं स्वतःचंच रेटिंग काढलं. समोरच्यानं त्या बाजूला पाहिलं आणि विचार बदलून दुसरीकडे मारला, की फुल-बॅकला अर्धा गुण. अडचण एवढीच, की कॅमेरा चेंडूमागे पळतो आणि फुल-बॅक पडद्यावर येतच नाही. मग हा मारणाऱ्याच्या डोळ्यांकडे टक लावून बसायचा आणि मधूनच न्यायाधीशासारखा म्हणायचा, "अर्धा." सुरुवातीला माझी बायको त्याच्यासाठी अर्धा कप चहा ठेवायची.

ही सवय मैदानापुरती राहिली असती तर बरं होतं. मंडळाच्या गणपतीत सगळे नाटकात काम करणाऱ्यांचं कौतुक करत होते, तर हा पार्किंगमध्ये तीन तास उभ्या राहिलेल्या काकूंना जाऊन भेटला आणि एकाही गाडीला ओरखडा पडला नाही म्हणून त्यांचं अभिनंदन करून आला. काकूंना वाटलं, कोणाच्या तरी गाडीला ओरखडा पडलाय. वहिनींनी तर आशाच सोडली होती. "आमच्याकडे भाजी छान झाली असं कोणी म्हणत नाही," त्या सांगायच्या. "करपली नाही, अर्धा, असं म्हणतात." माझी मुलगी शाळेच्या टीममध्ये गोलकीपर होती. एका मॅचमध्ये तिच्याकडे चेंडू एकदाही आला नाही, त्यामुळे ती कंटाळून गवत उपटत बसलेली. हा धावत गेला आणि तिला म्हणाला, तू उभी होतीस म्हणून त्यांची हिंमत झाली नाही. "काका, ती टीमच जस्ट बॅड होती," ती म्हणाली. पण घरी येताना ती गाडीत जरा ताठ बसली होती, ते मी आरशात पाहिलं.

हे सगळं मी मित्रांना अनेकदा हसून सांगितलंय. यापुढचं कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

आम्ही दोघं बेलव्ह्यूच्या एकाच ऑफिसात होतो आणि गेल्या वर्षीच्या अदलाबदलीत तो माझ्या टीममध्ये आला. त्याचं काम सिस्टिम बंद पडू नये हे बघणं. ती पडत नव्हती. यंदा वसंतात वरून फर्मान आलं, माणसं कमी करायची, सगळ्यांना एकाच फॉर्म्युल्यानं रेटिंग द्या. नवीन काय बांधलं त्याचे गुण, बिघाड किती दुरुस्त केले त्याचे गुण. मी आकडे भरले. तो तळाला गेला. मीटिंगमध्ये माझ्या बॉसनं प्रत्येक नावावर थांबून विचारलं, ह्याच्याबद्दल काही बोलायचंय? त्याच्या नावावरही थांबली. शुक्रवारचे सगळे अर्धे गुण माझ्या डोक्यात होते. पण मॅनेजरांचीही यादी निघणार अशी कुजबुज होती, आणि मला घाई झाली होती मुकाट राहायची. "नो, डेटा बरोबर आहे," मी म्हणालो. आणि ती पुढच्या नावावर गेली.

त्याची नोकरी गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात सिस्टिम पडली. ज्याच्याकडे त्याचं काम दिलं होतं त्यानं रात्रभर खपून ती उभी केली, आणि सगळ्या ऑफिसनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

याचा व्हिसा नोकरीच्या दोरीला बांधलेला. मुदतीत दुसरी नोकरी मिळाली नाही तर देश सोडायचा. इंटरव्ह्यूत विचारायचे, तुम्ही काय बांधलंत? हा सांगायचा, मी काही पडू दिलं नाही. समोरचे थोडा वेळ थांबायचे, हा आणखी काही बोलेल म्हणून. तरी शुक्रवारी चिवडा घेऊन येणं चुकलं नाही. त्यातच तिकडे कोचनं त्या फुल-बॅकला टीमबाहेर बसवलं, आणि याचा सगळा संताप तिकडे वळला. स्वतःचे अर्ज सोडून तो मेलबर्नच्या क्लबला लांबलचक ईमेल लिहायचा. एका शुक्रवारी तो मला त्यातलाच एक वाचून दाखवत होता, रेटिंग कसं आंधळं असतं ते, आणि मला तो ऐकवेना.

"तुझं रेटिंग मी भरलं होतं," मी म्हणालो. "मला विचारलं होतं, काही बोलायचंय का. मी बोललो नाही."

त्यानं टीव्हीचा आवाज कमी केला. "फॉर्म्युला काय होता?"

मी सांगितला. बिघाड झालेच नाहीत त्याचे किती, त्यानं विचारलं. शून्य, मी म्हणालो. सोफ्याच्या हातावर बोट फिरवत त्यानं बेरीज केली, पुन्हा एकदा केली, आणि मान हलवली. "मग बरोबर आहे बे. मीबी मला शेवटचाच नंबर दिला असता."

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मी त्या हात जोडून घेतल्या असत्या. मी चिडून म्हणालो, "अरे, त्या फुल-बॅकसाठी एवढा भांडतोस, मग स्वतःसाठी का नाही भांडत?"

"त्याच्या मॅचेस मी पाहिल्या ना," तो म्हणाला. "ज्यानं पाहिलं त्यानं भांडायचं असते, यार. खेळणाऱ्यानं कसं भांडावं?"

एवढं बोलून त्यानं आवाज पुन्हा वाढवला आणि चिवड्याचा डबा माझ्याकडे सरकवला. मी घास घेतला. नाही म्हणायचं तोंड नव्हतं.

उन्हाळ्यात ते सगळे नागपूरला परत गेले. कोपऱ्यावरच्या घरात दुसरं कोणी राहायला आलंय, चांगली माणसं आहेत. मेलबर्नला टीममधलं कोणीतरी जखमी झालं आणि फुल-बॅकला परत बोलावलं. त्या शुक्रवारी मी एकटाच टीव्हीसमोर बसलो. कॅमेरा नेहमीप्रमाणे चेंडूमागे पळत होता. मी मारणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघत राहिलो, आणि एकदा, अगदी क्षणभर, त्यानं त्या बाजूला पाहिलं आणि दुसरीकडे मारला. मी फोन उचलून त्याला मेसेज केला, "अर्धा."

नागपूरला तेव्हा सकाळ. लगेच उत्तर आलं. "पाऊण. पाय उचलून पुन्हा खाली ठेवला त्यानं."

मग धीर करून मी विचारलं, नोकरीचं काही झालं का. त्यानं ते वाचलेलं मला दिसलं.

"मॅच सुरू आहे," शेवटी आलं. "तू नीट बघ."