न दुखणारा हात

इस्त्रीवाल्या काकूंच्या दुकानात एके दुपारी भाजल्याचा वास सुटला. काकूंनी आधी टेबलावरचा शर्ट उचलून पाहिला. मग खालची घोंगडी उलटी केली, वायर नाकाशी धरली, दारात जाऊन गल्लीत कुणी काही पेटवलंय का तेही बघून आल्या. सगळं जिथल्या तिथे होतं. वास मात्र हटेना. शेवटी त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. मघाशी दोन बोटं इस्त्रीच्या तापलेल्या पत्र्याला टेकली होती आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

शहाण्या माणसाने अशा वेळी आरडाओरडा केला असता. काकूंनी बोटं पदरात गुंडाळली आणि उरलेला शर्ट पुरा केला. गिऱ्हाईक सहाला येणार होतं ना!

त्यानंतर त्या आपल्याच हातांना बिचकू लागल्या. काम दोन्ही हात चोख करत. कॉलर, बाह्या, घडी, कुठे कसर नाही. पण दुकानात एकट्या असताना त्यांना वाटे, टेबलावर हे दुसऱ्याच कुणाचे तरी हात येऊन बसलेत आणि आपल्यासाठी राबताहेत. एकदा त्यांनी स्वतःलाच कडकडून चिमटा काढला. कातडी ओढली गेलेली डोळ्यांना दिसली, एवढंच. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

इस्त्री किती तापली हे त्या कानाने ओळखत. ओलं बोट टेकवायचं, चर्र झालं की तापली. जन्मभराची सवय. बोटाला कळेनासं झालं तरी कान शाबूत होते, त्यामुळे झाकली मूठ झाकलीच राहिली.

ती उघडली तर काय होईल हे काकूंना पक्कं ठाऊक होतं. मुलगा ट्रकवर, महिना महिना बाहेर. सून दोन दुकानं सोडून असलेल्या बेकरीत कामाला. चार वर्षांची नात, ठकी, दिवसभर आजीपाशी. सुनेला कळलं असतं तर ठकी दुसऱ्या दिवशी पाळणाघरात गेली असती, आणि मग काकूंनी दिवसभर त्या दोन परक्या हातांशी गप्पा मारायच्या की काय? म्हणून त्या गप्प राहिल्या. माणूस हरवण्याच्या भीतीने किती मूर्खपणा करतो, त्याला काही माप नाही.

घर दुकानामागेच होतं. ठकीच्या आंघोळीचं पाणी रोज सून सकाळी विसणून ठेवायची. एके दिवशी ती घाईत तशीच गेली. काकूंनी बादलीत गीझरचं कढत पाणी सोडलं, त्यात हात घालून ढवळत राहिल्या, थोडं गार पाणी घातलं, पुन्हा ढवळलं. हाताला काहीच लागलं नाही तेव्हा त्यांनी ठरवलं, कोमट झालं. पाण्याला चर्र आवाज नसतो.

"ये गं राणी," त्या म्हणाल्या.

ठकीने बादलीत पाय घातला.

ती किंकाळी बेकरीपर्यंत गेली. वरच्या मजल्यावरची शिंपीण टूथपेस्टची नळी हातात घेऊनच खाली धावली. "लावा लावा, गार वाटेल!" तिच्या मागोमाग सून आली, हाताला पीठ तसंच.

"पेस्ट नको, बर्फही नको," सून म्हणाली. "बेकरीत रोज कुणी ना कुणी भाजतं. आधी नळ." तिने पोरीच्या पायातलं घट्ट कडं फुगायच्या आत काढलं, तिला कडेवर घेतलं आणि भाजलेला पाय मोरीच्या नळाखाली धरला. साधं गार पाणी, बारीक धार. ठकी टाहो फोडत होती.

"झालं काय, आई?"

काकूंच्या तोंडून उत्तर कसं गेलं ते त्यांनाही समजलं नाही. "मी टॉवेल आणायला वळले, तेवढ्यात हिनेच गरम नळ सोडला."

सुनेने वर गीझरच्या नळाकडे एकदा पाहिलं. ठकीला रडण्यातून सवड कुठली? खोटं तसंच मोरीत उभं राहिलं, तिघींच्या मधे.

"धरा तिला. चांगली वीस मिनिटं पाणी पडू दे, कितीही रडली तरी. अंगावर टॉवेल टाका, गारठेल. मी रिक्षा बोलावते. मधूनमधून हात लावून बघा, पाणी फार थंड नको."

काकूंनी धारेखाली हात धरला. आणि त्या बघतच राहिल्या. मनगटापासून खाली हात पांढरा पडला होता, मेणासारखा. एका बोटाची कातडी सुटून पाण्याबरोबर हलकेच हलत होती. ठकीचा पाय लालबुंद होता आणि त्या चिमुकल्या पायासाठी सगळं घर रडण्याने भरलं होतं. हात मात्र कुणाला काही न सांगता, मुकाट्याने, सोलवटत चालला होता. दुखलं नाही ते नाहीच.

"अगं बाई, काकू, तुमचा हात!" शिंपीण ओरडली आणि तिच्या हातून नळी पडली.

सून वळली. तिने एकदा हाताकडे पाहिलं, एकदा सासूच्या कोरड्या डोळ्यांकडे. मग काकूंच्या बोटातली अंगठी साबण लावून सोडवली आणि तो हात पोरीच्या पायाशेजारी त्याच धारेखाली नीट धरला.

"दुखतंय?"

"नाही गं."

सुनेचा चेहरा उतरला. ठकीच्या एवढ्या रडण्याने उतरला नव्हता तो.

इस्त्रीच्या गठ्ठ्यातले दोन धुतलेले अभ्रे पायावर नि हातावर सैल टाकून सगळ्या दवाखान्यात गेल्या. ठकीच्या रडण्याने बाकावरचे पेशंट कावले होते. डॉक्टर बाहेर आल्या, पायाकडे पाहून म्हणाल्या, "दुखतंय ना, मग भरून येईल." मग त्यांनी दुसरा अभ्रा उचलला आणि नर्सला हाक मारली. "रडणारीला जरा थांबू दे. आधी या आजींना आत घे."

काकू उठल्या. दारात त्या सुनेकडे वळल्या.

"नळ तिने नव्हता सोडला."

"माहीत आहे," सून म्हणाली. "गीझरच्या नळापर्यंत हात पोचतो कुठे तिचा?"

काकूंना आता रडू फुटलं. इतका वेळ कुठे दडून बसलं होतं कोण जाणे. "मला कळतच नाही गं. कधीपासून कळत नाही. आता तू पोरीला माझ्यापाशी ठेवणार नाहीस."

सुनेने ठकीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. तिचेही डोळे भरले होते, पण आवाज करडा होता.

"एकटीला नाही ठेवणार," ती म्हणाली. "आणि तुम्हालाही नाही."