खड्डा कुणाच्या दारात

"तितंच बस. हात दिसतोय हितनं," सरपंच म्हणाले.

मी देवळाच्या पायरीवर होतो, चपलांच्या शेजारी. ग्रामसभा आत मंडपात. आमची बौद्धवस्ती आजही पायरीवर बसते. कुणी अडवत नाही. आत सरकून जागा मात्र कुणी करत नाही. लोणावळ्यातल्या बंगल्यांचे जुने जनरेटर घेऊन, दुरुस्त करून विकतो मी. त्यावर घर बांधलं, टेम्पो घेतला. गावात पायरी तीच.

कंपनीचे साहेब आले होते. जमिनीखाली गॅस आहे का बघायला बोअर घ्यायचं होतं. जागा? आमच्या वस्तीमागचं गायरान, विहिरीला लागून.

"कोळशापेक्षा स्वच्छ आहे," साहेब म्हणाले. "देशासाठी गावानं थोडं सोसावं."

डिझेलचा धूर मी रोज खातो. गॅस बरा, हे मला पटत होतं. पण स्वच्छ वीज आम्ही आधीही पाहिली आहे. आजोबांची जमीन धरणात गेली. पाण्यावरच्या विजेला धूर नव्हता. तारा आमच्या डोक्यावरून गेल्या आणि दिवा वस्तीत सगळ्यात शेवटी लागला. उद्या सौरवाले आले तरी गायरानच मागतील.

मी विचारलं, "हिरीचं पानी बिघडलं तर?"

"टँकर देऊ. रोज. लेखी देतो."

इतक्या लवकर? जनरेटर घेताना समोरचा चटकन हो म्हणाला, की मी इंजिन उघडून बघतो. टँकर आधीच ठरला होता. म्हणजे विहीर जाणार, हे यांनी धरलेलंच होतं.

"साहेब, सरपंच आबांच्या फार्महाऊसमागं बोअर चालंल का?"

साहेबांनी नकाशा पाहिला. "तसं चालेल..."

सरपंच हसले. "येडा का खुळा तू? घरात ल्हान पोरं हायती माझ्या!"

मंडप हसला. शेजारची मावशी मांडीवरच्या नातीकडे बघत म्हणाली, "आन् ही काय दगूड हाय व्हय?"

"चला, हात वर करा," सरपंच म्हणाले.

पायरीवरचे हात सवयीने उठू लागले. माझं डोकं फिरलं.

"खाली घ्या हात!"

मी उठलो, आत गेलो, साहेबांच्या पुढ्यात मांडी घातली. "मावशी, आत या." ती नातीला घेऊन आली. मग सगळी वस्ती आली. कुणी सरकलं नाही, तरी आम्ही बसलो. ठराव त्या दिवशी झाला नाही.

ते परत येतील. गॅस, कोळसा, पाणी का ऊन, दिवा कशावर लावायचा ते बोलू. पण खड्डा कुणाच्या दारात, हे आधी ठरेल. मंडपात बसून. आणि पहिलं नाव सरपंचांच्या फार्महाऊसचं निघेल. दर सभेला. मीच काढणार.