डाव्या हातातला पुढचा ब्रेक

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे महादेव दाजी, यांनी मला चिंचवडला आपल्या दोन खोल्यांत ठेवून घेतलं आणि आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर केलं. आता सांगतोय ते मी परवापर्यंत कुणाजवळ बोललो नव्हतो — दाजींजवळ तर नाहीच.

गोष्ट सायकलच्या ब्रेकची आहे. हसू नका. म्हणजे — हसा, मलाही येतं.

दाजी पिंपरीच्या एका कारखान्यात टर्नर. खंडेनवमीला तिथं यंत्रांची पूजा, तशी घरी सायकलची. त्या वर्षी मी नुकताच भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो होतो. सायकल धुता धुता डोक्यात आलं — पुढचा ब्रेक उजव्या हाताला, मागचा डाव्याला, असं का? पुढचं चाक एकदम आवळलं तर माणूस पालथा होणार. मग जोराच्या हाताकडे मागचाच ब्रेक नको का? मी दोन्ही वायरींची अदलाबदल केली. दाजींना सांगणार होतो — शाबासकी मिळेल असा मोका बघून. दसऱ्याच्या जेवणात ते राहूनच गेलं.

आणि एक गोष्ट मी धरलीच नव्हती. कारखान्याच्या वाटेवर, उतारावर, मारुतीचं देऊळ होतं. दाजी तिथं उतरत नसत. उजवा हात कपाळाला लावायचा, डाव्यानं ब्रेक दाबायचा — झाला नमस्कार! आपल्याकडे कोण असं करत नाही? देवासाठी हँडलवरून उजवाच हात सुटतो, हे बी.एस्सी.ला कुठून कळणार?

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दाजींनी नमस्कार केला, सवयीनं डावा ब्रेक दाबला आणि हँडलवरून थेट देवळाच्या पायरीशी! डबा गटारात, गुडघे सोललेले. समोरचा चहावाला म्हणाला म्हणे, "काय दाजी, आज डायरेक्ट लोटांगण?"

दाजी हसत, लंगडत घरी आले. "इतकी वर्सं एका हातानं उरकलं. मारुतीरायानं आज समदी वसुली केली बघ." अक्का हळद लावत होती. तिला मग हळूच म्हणाले, "वय झालं गं. रोजचा उतार, आन् हाताला ब्रेक कळंना. सायकल ह्यालाच दिऊ आता."

मी तोंड उघडलं. आणि म्हणालो — "दाजी, तुम्ही आराम करा."

बस, एवढंच म्हणालो. दुपारी ते झोपल्यावर वायरी गुपचूप पूर्ववत केल्या. का? दाजी रागावले असते? छे, पोट धरून हसले असते. पण घरात ग्रॅज्युएट म्हणून जो मान होता, तो — आणि खरं सांगू? आकुर्डीला नोकरी लागत होती. सायकल हवी होती.

पुढं कित्येक वर्षं दाजी पायी कामावर गेले. कधी वाटेत दिसायचे. मी घंटी वाजवायचो, ते हात उंच करून "जा, जा, उशीर हुईल!" म्हणायचे. मी जायचो.

आता दाजी-अक्का तळेगावला राहतात. परवा त्यांना पत्र टाकलं :

"ती. स्व. दाजींस साष्टांग नमस्कार.

तुम्ही देवळापुढं पडलात तेव्हा तुमचा हात चुकला नव्हता. ब्रेकच्या वायरी मी आदल्या खंडेनवमीला उलट बसवल्या होत्या, आणि तुम्ही पडलात त्याच दुपारी सरळ केल्या. तुमचं वय झालेलं नव्हतं. हे मला माहीत होतं. सायकल हवी होती म्हणून मी तुम्हाला म्हातारं होऊ दिलं.

तुमचा,
दत्तू"