देवाला 'व्हय' म्हटल्यावर

सोमवारी आमच्या नगरपरिषदेच्या सभागृहात जे घडलं, त्याचा धक्का अजून ओसरलेला नाही. सांगते... पण कुणी हसलात तर ब्लॉक करीन.

मालवण किनाऱ्यावरचं आमचं छोटं शहर. बाजारपेठेतली भाड्याची बिऱ्हाडं एकेक करून होमस्टे झाली. जिथे नर्स, शिंपी, मासेवाल्या राहायच्या तिथे आता एसी लागलेत आणि भिंतींवर डॉल्फिन हसताहेत.

माझी मासेवाली सुलभा लग्न होऊन आली तेव्हापासून बाजारातल्या एका खोलीत राहत होती. मालकाने तिलाही महिनाअखेर निघायला सांगितलं. बंदरावरचा लिलाव पहाटे असतो, आणि बाहेरून पहिली एसटी येईपर्यंत चांगला मासा विकून संपलेला असतो... म्हणजे खोली गेली की धंदाही गेला.

त्या दिवशी सभेपुढे प्रश्न साधा होता. बाजारामागच्या पालिकेच्या पडीक जागेवर कमी भाड्याची घरं बांधायला पालिकेने निधी द्यायचा की नाही? सुलभाला घेऊन मी गेले. भाषण लिहून नेलं होतं. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाले असले तरी उभं राहून ठणठणीत बोलायला मला कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शिकवलंय.

आणि काय ऐकलं? त्या जागेवर म्हणे पर्यटकांच्या गाड्यांसाठी पार्किंग हवं. घरं गावाबाहेर सड्यावर बांधू, जिथे कातळ आणि वाऱ्याशिवाय काही नाही! एक सदस्य तर हसून म्हणाले, "मासेवाल्यांका काय, येतीत बसने."

गाडीला सावली आणि माणसाला कातळ... माझा कानांवर विश्वास बसेना. मी उठून भाषण ठोकलं. "गावात इतक्या खोल्या रिकाम्या आणि माणसं रस्त्यावर?" हे त्यातलं माझं सर्वात धारदार वाक्य. त्यावर एकाने जांभई दिली.

मी खाली बसते तोच शेजारी सुलभा उभी राहिली. हात जोडले, डोळे मिटले... आणि तिने चक्क गाऱ्हाणं सुरू केलं!

बाहेरच्या मंडळींसाठी सांगते. आमच्याकडे कुठल्याही कार्याआधी गावचा मानकरी देवाला गाऱ्हाणं घालतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. हे पुरुषाचं काम, देवळातलं. इथे बाई, तीही पालिकेत... मी थिजलेच.

"बा ग्रामदेवा म्हाराजा, आज ही सगळी शाणी माणसा हयसर गोळा झाली आसत..."

आणि समोरून, सवयीने, एका सुरात, "व्हय म्हाराजा!" जांभईवालेसुद्धा. अध्यक्षांचे हात तर आपोआप जोडले गेले होते.

"बाजारातली जागा बाजारात राबणाऱ्यांका मिळांदे..." "व्हय म्हाराजा!"

"आणि ती घरा बांधून होयपर्यंत, जेच्याकडे खोली रिकामी आसा, तेका ती देवची तू बुद्धी दी..." "व्हय म्हाराजा!" रविवारी चर्चमध्ये मिस्साला जाणारी मी, माझ्याही तोंडून निघून गेलं. चांगलं खणखणीत.

सुलभा शांतपणे खाली बसली. सभागृहात कुणी कुणाकडे बघेना.

मग अध्यक्षांनी घसा साफ करून निधीचा प्रस्ताव मताला टाकला. पहिला हात वर गेला तो त्या बसवाल्या सदस्यांचा! शेजाऱ्याने कोपर मारलं तसे ते पुटपुटले, "देवाक व्हय म्हणान झाला. आता नाय म्हटलंय तर बायल घरात घेवची नाय." पाठोपाठ एकेक हात वर... प्रस्ताव मंजूर.

मला आनंद झाला की संताप आला, सांगता येत नाही. इतका मुद्देसूद युक्तिवाद केला, त्याने भुवईसुद्धा हलली नाही. माणसाची अडचण दिसत नाही ह्यांना, देव ऐकतोय म्हटलं की घाम फुटतो!

हे सगळं तावातावाने बोलत मी जिना उतरत होते. सुलभा मागून म्हणाली, "फिलूबाय, तुमीच सगळ्यात मोठ्यान व्हय म्हटल्यात हां."

मी एका पायरीवर थांबले ती थांबलेच. माझ्या घराची वरची खोली... मुलगा दुबईहून कधी आलाच तर असू दे म्हणून कुलूप लावलेली. आणि माझं ते धारदार वाक्य!

काल सुलभा वर राहायला आली. इमारत उभी राहीपर्यंत तिथेच राहील. गच्चीवर सोडे वाळत घातलेत, मांजरांची सभा भरली आहे आणि माझ्या पडद्यांना वास येतोय. मुलगा फोनवर म्हणाला, "मम्मी, मग मी कुठे झोपणार?" म्हटलं, बाबा, आधी ये तर खरा.

गाऱ्हाणं तिच्या देवाला होतं, पण ऐकलं माझ्याही देवाने असणार... पहाटे बंदरावर जाताना जिन्यावर तिची पावलं वाजतात, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला घरात कुणीतरी उठलंय असं वाटतं.